चार तास पन्नास मिनिटं

त्याचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. गजर लावलेला असायचा, पण गजराच्या आधी उजवा गुडघा जागा व्हायचा आणि मग मालकाला उठवायचा. पलंगाच्या काठावर बसून तो गुडघा दहा वेळा वाकवायचा, दहा वेळा सरळ करायचा. आठव्या-नवव्या वेळेला कट्‌ असा आवाज आला की दिवस बरा जायचा. नाही आला तरी कामावर जायचंच; फक्त जिना कठड्याला धरून उतरायचा.

तो विमानात सामान चढवायचा. बत्तीस वर्षं. प्रवासी वर खुर्च्यांवर बसतात, त्यांच्या पायांखाली विमानाचं पोट असतं. तिथं छत इतकं खाली की उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर चालायचं, गुडघ्यांवर उचलायचं, गुडघ्यांवरच वळायचं. कंपनी गुडघ्यांना बांधायला पट्टे द्यायची, ते आठवड्यात फाटायचे. त्यानं ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून स्वतःचे पट्टे केले होते. ते दोन वर्षं टिकायचे.

सगळे त्याला तराजू म्हणायचे. बॅगेची मूठ हातात आली की तो वजन सांगायचा. ‘एकवीस.’ काट्यावर ठेवली की एकवीस आणि वर चिमूटभर. नव्या माणसांकडून त्यानं पैजेचे इतके चहा उकळले की पुढं पुढं कुणी पैज लावेना.

टोळीत चौघं. खाली फिरत्या पट्ट्यावर बॅगा टाकायला दोघं चुलतभाऊ. वर पोटात तराजू आणि मुका. मुका हे नाव ज्यानं ठेवलं त्याला विनोद कळत होता, कारण मुक्याचं तोंड फक्त झोपेत बंद असायचं, आणि त्याची बायको म्हणायची, तेही नाही.

तराजूची काम करायची एक रीत होती. जड बॅगा तळाला, मुठी दाराकडं, चाकं भिंतीकडं. विटांची भिंत रचावी तशी रांग. दोन बॅगांमध्ये हात जाईल इतकी फट राहिली तर ती पुन्हा लावायची. शेवटी जाळी ओढायची आणि सगळे आकडे अडकवायचे. एक आकडा राहिला तर कुणाला दिसत नाही. त्याला दिसायचा.

सकाळी सहा चाळीसचं विमान त्यांच्या टोळीचं. ते दूरच्या एका शहरी जायचं. अंतर तीन हजार दोनशे किलोमीटर, वेळ चार तास वीस मिनिटं. तिथलं आणि इथलं घड्याळ एकच. अकराला पोहोचायचं, बाराला परत निघायचं, चार वीसला पुन्हा त्यांच्यासमोर येऊन उभं राहायचं. सकाळी चाकाखालचा ठोकळा तराजू काढायचा आणि ती वेळ कागदावर लिहायचा. त्या कागदावर सहा चाळीसच्या पुढचा आकडा क्वचितच पडायचा.

त्या वर्षी सामानाचं कंत्राट नव्या कंपनीकडं गेलं आणि नवा साहेब आला. त्यानं याआधी कुठल्याशा गोदामात पंधरा वर्षं खोकी मोजली होती. शर्टाला इस्त्री कडक, आवाज मऊ. थंडी सुरू झाली आणि सहा चाळीसचं विमान रोज उशिरा पोहोचू लागलं. कधी पंचवीस मिनिटं, कधी पस्तीस. उशीर तसा दर थंडीत व्हायचा, पण आधीच्या साहेबांनी कधी विचारलं नव्हतं. विमानवाल्यांनी आता नव्या कंपनीला विचारलं, कंपनीनं साहेबाला विचारलं, आणि साहेब त्या चौघांना विचारायला खाली आला.

‘विमान वेळेवर निघतं, मग उशिरा का पोहोचतं?’

इथं तराजूनं चूक केली. जन्मभर ओझं उचलणाऱ्याला जगातला प्रत्येक उशीर ओझ्यामुळंच झालेला वाटतो. हातगाडी भरली की जड जाते, सायकलवर गोणी घेतली की चढ लागतो. मग विमान काय वेगळं? तो म्हणाला, ‘साहेब, हल्ली पार्सलांची खोकी फार येतात. वजन वाढलंय. एक दिवस चाळीस खोकी खाली ठेवून बघा, बरोबर अकराला टेकेल.’

साहेबानं ठेवली. हलकं झालेलं विमान सहा अडतीसला निघालं आणि अकरा अडतीसला पोहोचलं.

साहेबानं आवाज चढवला नाही. ‘वजनाचा प्रश्न नाही, हे तूच सिद्ध केलंस. पण दोष सामानाचा आहे, हेही तूच म्हणालास. वजन नाही, तर मग मांडणी. पुढं-मागं तोल चुकला की विमान ओढत चालतं. पुस्तकात आहे.’

आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतल्यावर ओरडायचं तरी कुणाच्या नावानं? पुढचे पाच दिवस तराजूनं मांडणी बदलून पाहिली. जड बॅगा पुढं, मग मागं, मग मधोमध. विमान रोज तसंच, अर्ध्या तासाच्या मागं.

सहाव्या दिवशी कागद आला. छापील, चार ओळींचा. ‘सामान लावण्यातील आमच्या निष्काळजीपणामुळे विमानास उशीर होतो, हे आम्हांस मान्य आहे.’ खाली चार रेघा, सह्यांसाठी.

‘सही केलीत तर ताकीद देऊन विषय संपला,’ साहेब म्हणाला. ‘नाही केलीत तर महिनाअखेरीला नवी टोळी. तुमच्या हातात आहे.’

दोघा चुलतभावांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांची घरं मोठी होती, खाणारी तोंडं जास्त. मुका म्हणाला, ‘तराजू, सही म्हणजे काय, चार अक्षरं. बायकोपुढं मी रोज कबूल करतो, काय केलं ते ठाऊक नसतानाही.’

‘बायको तुला कामावरून काढू शकत नाही,’ तराजू म्हणाला. ‘आज चुकलो म्हणून लिहून दिलं, की उद्या एखादी बॅग हरवली तरी हाच कागद निघेल.’

‘मग कर काहीतरी. महिना संपायला अकरा दिवस आहेत.’

उत्तर त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी येऊन टेकलं. टोळी चहाला बसली होती. चार वाजायला दहा मिनिटं असताना शिट्टी झाली. परतीचं विमान अर्धा तास आधी आलं होतं. मुक्यानं पेला तसाच ठेवला आणि धावता धावता त्या विमानाच्या सगळ्या पूर्वजांचा उद्धार केला. ‘रोजचंच झालंय. थंडी पडल्यापासून एक चहा धड प्यायलो नाही.’

तराजू पोटात शिरला. आत जो काही पसारा होता, त्याला मांडणी म्हणणं म्हणजे उकिरड्याला बाग म्हणणं. जड बॅगा वर, हलक्या खाली, जाळीचे दोनच आकडे अडकवलेले. तिकडच्या टोळीचं काम. त्यानं एक बॅग हातात घेतली, मग दुसरी, मग तो तसाच गुडघ्यांवर थांबला.

‘काय झालं? गुडघा?’ मुक्यानं विचारलं.

‘हे कसं भरलंय?’

‘डुकरांनी शेत नांगरावं तसं.’

‘वजन?’

‘सकाळपेक्षा जास्तच. माझी कंबर सांगते.’

‘आणि आलं कधी?’

मुक्यानं तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदाच बोलायचा विसरला.

वाईट भरलेलं, जास्त वजनाचं विमान रोज अर्धा तास लवकर येत होतं. चांगलं भरलेलं रोज अर्धा तास उशिरा पोहोचत होतं. उशीर झाला की साहेब कागद काढायचा. लवकर आलं की कुणी कागद काढत नव्हतं, म्हणून कुणी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

पंखाखाली इंधनवाला नळी लावत उभा होता. अबोल माणूस, वीस वर्षांत त्याच्याशी तराजूचं बोलणं हवापाण्यापलीकडं गेलं नव्हतं. आज तेच कामाला आलं.

‘सकाळी किती भरतोस?’

‘या दिवसांत जास्त. सांगतात तेवढं भरतो. उन्हाळ्यात कमी.’

‘का?’

‘वर वारा असतो म्हणे, थंडीत. जाताना तोंडावर, येताना पाठीवर.’ त्यानं नळीचा झटका देऊन आकडा पाहिला. ‘मी तिथं कधी गेलो नाही. नळी इथपर्यंतच पोचते.’

दुसऱ्या दिवशी तराजूनं साहेबासमोर सगळं मांडलं. परतीच्या वेळा, तिकडची भरणी, इंधन, वारा. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याला वारा ठाऊक नव्हता की ठाऊक करून घ्यायचा नव्हता, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

‘विमानात किती वेळा बसलायस?’ त्यानं विचारलं.

‘रोज असतो.’

‘पोटात. वर?’

तराजूनं नकारार्थी मान हलवली.

‘एकदाही नाही. वर काय होतं हे तुला इंधनवाल्यानं सांगितलं, आणि तोही कधी बसलेला नाही. दोन आंधळे तिसऱ्याला रस्ता सांगतायत.’ बाजूला बसलेला कारकून हसला. ‘सही कर आणि कामाला लाग.’

तराजूनं कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. ‘गुरुवारी माझी रजा. आमच्यातला कुणी त्या दिवशी सहा चाळीसला हात लावणार नाही. तुमच्या पसंतीची टोळी लावा, तुमच्या पुस्तकासारखी मांडा. अकराला पोहोचलं तर चौघांच्या सह्या आणून देतो.’

‘आणि तू कुठं असशील?’

‘वर.’

घरी बायको शिलाईच्या यंत्रावर बसली होती. ती बॅगा दुरुस्त करायची. उसवलेल्या शिवणी, बिघडलेल्या चेना, तुटलेल्या मुठी. नवरा बॅगा लावतो आणि दुसरे आदळतात म्हणून आपली चूल पेटते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिनं सगळं ऐकलं, दात अडकलेली चेन तेल लावून सोडवली आणि मग बोलली.

‘तिकिटाला पैसे कुठले?’

तो गुडघ्याकडं पाहत राहिला. ते पैसे दोघांनाही माहीत होते. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, उजवा गुडघा बदलावा लागेल. तेव्हापासून दर पगाराला थोडं थोडं बाजूला पडत होतं.

‘गुडघा थांबेल,’ तो म्हणाला. ‘बत्तीस वर्षं थांबलाय. हा कागद थांबायचा नाही.’

‘ते कळलं. मी वेगळं विचारतेय.’

‘काय?’

‘एकाच तिकिटाचे आहेत की दोन?’

‘अगं, तू कशाला? मी भांडायला चाललोय.’

‘म्हणूनच. तुम्ही नुसते घड्याळाकडं बघत बसाल आणि घसा कोरडा पडला तरी पाणी मागणार नाही. शिवाय तिथं कुणाला काही विचारायचं झालं तर तुम्ही विचारणार आहात का? दुकानात सुट्टे मागायलाही मला पुढं करता.’

हे खरं होतं.

‘दोघांचे गेले तर काहीच उरणार नाही,’ तो म्हणाला.

‘उरून काय करायचंय? अर्ध्या पैशात अर्धा गुडघा बसवतात का?’

गुरुवारी दोघं प्रवाशांच्या दारातून आत गेली. त्या दारातून तो पहिल्यांदाच जात होता. सामान काहीच नव्हतं. बॅगा घेणाऱ्या खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं, ‘काका, बॅग?’ तो म्हणाला, ‘नाही. उचलणाऱ्याला त्रास कशाला?’ मुलीला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

खिडकीची जागा बायकोनं घेतली. तो मधल्या खुर्चीत बसला. गुडघा पुढच्या खुर्चीला टेकला आणि तिथंच अडकला. खिडकीतून पट्टा दिसत होता. दुसऱ्या टोळीची माणसं बॅगा भिरकावत होती, साहेब हातात पुस्तक घेऊन उभा होता. ठोकळा सहा चाळीसला निघाला. तराजूनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि आकडा मनात कोरला.

विमान वर चढून वळलं, तेव्हा पायांखाली धप्प असा आवाज झाला. इतर कुणाची मानही वळली नाही.

‘वरच्या रांगेतली,’ तो पुटपुटला. ‘सतरा-अठरा किलो. जाळी अडकवली नाही.’

‘झालं तुमचं सुरू,’ बायको म्हणाली. ‘बाहेर बघा. ढग आपल्या खाली आहेत.’

त्यानं पाहिलं. ढग होते. छान होते. त्यानं पुन्हा घड्याळात पाहिलं.

तासाभरानं वरच्या कर्ण्यातून पायलटचा आवाज आला. झोपाळलेला, रोजचं बोलणं बोलावं तसा. समोरून जोराचा वारा आहे, थंडीत असतोच, त्यामुळं साधारण अर्धा तास उशिरा पोहोचू, क्षमस्व. मग आवाज बंद झाला. पलीकडच्या माणसानं वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तराजू ताठ बसला. गुडघा खुर्चीवर आपटला, त्याकडं त्याचं लक्ष गेलं नाही. ज्या एका गोष्टीसाठी चौघांची भाकरी पणाला लागली होती, ती इथं रोज सकाळी दीडशे माणसांना कर्ण्यावरून सांगितली जात होती. ज्यांना कळायला हवी होती, तेवढे सगळे खाली होते.

पाणी घेऊन आलेल्या मुलीचा हात बायकोनं धरला. ‘बाळा, हे आता सांगितलं ते आजच्यापुरतं, की रोजचं?’

‘थंडी सुरू झाली की रोजचं, मावशी. जाताना उशीर, येताना लवकर. आम्हाला पाठ झालंय.’

‘मग तुमच्या पायलटसाहेबांना विचार, हे लिहून देतील का? आमच्याकडं कागद आहे.’ तिनं नवऱ्यापुढं हात केला. ‘द्या.’

‘कुठला?’

‘खिशातला. मागची बाजू कोरी आहे ना?’

विमान अकरा तीसला टेकलं. चार तास पन्नास मिनिटं. साहेबाच्या पसंतीची टोळी, साहेबाचं पुस्तक, साहेबाची मांडणी.

दोघं त्या शहरात गेलीच नाहीत. विमानतळाच्या काचेतून जेवढं दिसलं तेवढं शहर पाहिलं: एक रस्ता, एक मोठी टाकी, रांगेत उभ्या टॅक्सी. बायको म्हणाली, आपल्याकडच्यासारखंच आहे की, एवढ्या लांब कशाला येतात लोक? मग घरून आणलेली भाकरी खाऊन दोघं त्याच विमानात परत बसली. पायलटही तोच होता. परत चढताना तो दारात उभा होता. वयानं तराजूच्या मुलासारखा.

‘काका, कागद तुमचा का? मी पुढची बाजूही वाचली.’ त्यानं घडी घातलेला कागद परत दिला. ‘वाऱ्याचा वेग लिहिलाय, दोन्ही बाजूंचा. येतानाची वेळ अंदाजानं लिहिलीय, तीन तास पन्नास. चुकली तर दुरुस्त करून घ्या.’

चुकली नाही. विमान चारला दहा कमी असताना उतरलं. टोळी चहाला बसली होती, शिट्टी झाली, आणि वर खिडकीतून बायकोला मुका पेला टाकून पळताना दिसला. ‘बघा बघा,’ ती म्हणाली, ‘किती धावतोय बिचारा.’

‘पोटातलं सगळं विस्कटलेलं असेल,’ तराजू म्हणाला. ‘त्याला एक तास लागेल.’ आणि तो उठायला लागला.

‘बसा. आज रजा आहे.’

तो बसला. पण विमान रिकामं होईपर्यंत त्याची नजर पट्ट्यावरून हलली नाही.

साहेबाच्या टेबलावर त्यानं कागद पालथा ठेवला. कोऱ्या बाजूला आठ ओळी, वाऱ्याचे दोन आकडे, जायची आणि यायची वेळ. साहेबानं वाचलं. मग कागद उलटून चार रेघांकडं पाहिलं. रेघा मोकळ्या होत्या.

‘सह्या नाहीत,’ तो म्हणाला.

‘आहे की. मागं.’

‘ही पायलटची आहे.’

‘वर बसलेल्याचीच हवी होती ना तुम्हाला?’

कारकून या वेळी हसला नाही. साहेबानं कागद खणात टाकला. चूक झाली असं म्हणाला नाही, आणि तराजू त्यासाठी थांबलाही नाही. दारात पोहोचल्यावर वळून एवढंच म्हणाला, ‘तुमच्या टोळीनं जाळी अडकवली नव्हती. वळताना एक बॅग पडली. अठरा किलोची असेल. तेवढं बघा.’

महिनाअखेरीला नवी टोळी आली नाही. पुढच्या थंडीच्या वेळापत्रकात त्या शहराला जायला चार तास पन्नास मिनिटं आणि यायला तीन तास पन्नास मिनिटं छापून आली. कुणी बदललं, का बदललं, काही लिहिलेलं नव्हतं. मुक्यानं तो छापील कागद चहाच्या टपरीवर चिकटवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की ही वेळ आमच्या तराजूनं बसून मोजलीय, आणि तीही मधल्या खुर्चीत. चहाची वेळ मात्र त्यानं स्वतःच अर्ध्या तासानं अलीकडं घेतली. तेवढं साहेबावर सोडायला तो तयार नव्हता.

तराजूचा गुडघा अजून तोच आहे, जुना. पहाटे चार दहाला तो दहा वेळा वाकवतो, दहा वेळा सरळ करतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी वेळ चुकत नाही. बत्तीस वर्षांच्या मजुरीतून जे काही बाजूला पडलं होतं, त्यातून त्यानं विमानातल्या दोन खुर्च्या घेतल्या होत्या. जाण्याच्या चार तास पन्नास मिनिटांच्या आणि येण्याच्या तीन तास पन्नास मिनिटांच्या. खिडकीची बायकोला, मधली स्वतःला. महाग पडल्या का, असं कुणी विचारलं तर तो हात पुढं करतो, जणू मूठ धरून काहीतरी तोलतोय.

‘नाही,’ म्हणतो. ‘बरोबर वजन होतं.’